दादाच्या पोटातला पाझर

माझा थोरला भाऊ संगमनेरजवळच्या आमच्या गावी गाई सांभाळायचा. दुधाचे भरलेले कॅन तो एकट्याने टेम्पोत चढवायचा. मी नगरला, सावेडीत राहते. दिवाळीला माहेरी गेले, तेव्हा कॅन उचलता उचलता दादा मटकन खाली बसला. चेहरा पांढराफटक.

"जरा दम लागतोय," म्हणाला. "रक्त कमी हाय म्हनं. गोळ्या चालू हायेत."

त्या लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळं होतं, असं त्याला आधीच सांगितलेलं होतं. त्यामुळे डांबरासारखं काळं व्हायला लागलं तरी त्याने ते गोळ्यांवरच ढकललं, कुणाजवळ बोलला नाही. एका सकाळी संडासात चक्कर येऊन पडला, तेव्हा वहिनीला कळलं.

नगरला दवाखान्यात तोंडावाटे दुर्बीण घातली. डॉक्टरांनी पडद्यावरचं चित्र मला आणि वहिनीला दाखवलं. जठराचं आतलं अस्तर सापाच्या कातीसारखं खवल्याखवल्यांचं झालं होतं. त्यावर लाल ठिपके, आणि ठिपक्यांतून रक्त झिरपत होतं. मोठी जखम कुठेच नव्हती.

"मूळ दुखणं पोटाचं नाही, लिव्हरचं आहे," डॉक्टर म्हणाले. "लिव्हर कडक झालंय. आतड्यांकडून येणारं रक्त त्यातून नीट पुढे जात नाही. पाटाच्या चारीचं दार बंद केलं की पाणी मागे तुंबतं ना, तसं. तो दाब जठरावर येतो, अस्तरातल्या बारीक शिरा फुगतात आणि पाझरत राहतात." मग विचारलं, "दारू किती वर्षं घेतात?"

"थेंब न्हाई," वहिनी म्हणाली.

त्यांनी पुन्हा विचारलं. वहिनी रडायलाच लागली.

पुढच्या तपासण्यांत कारण निघालं ते रक्तातली वाढलेली साखर आणि लिव्हरमध्ये वर्षानुवर्षं साचलेली चरबी. गावाला ते पटलं नाही. लिव्हर गेलं म्हणजे दारूच. डेअरीवर लोक त्याला ऐकू जाईल असं बोलायचे. दादाने डेअरीवर जाणंच सोडलं. दूध घालायला वहिनी जाऊ लागली.

दाब उतरवायची गोळी सुरू झाली. गुडघेदुखीसाठी तो घ्यायचा ती बंद झाली, कारण तिने अस्तर आणखी सोलवटलं असतं. झिरपणं कमी झालं, थांबलं मात्र नाही. रक्ताची पिशवी चढवली की ओठांवर रंग यायचा, दादा गोठ्यात जाऊन गाईंच्या पाठीवरून हात फिरवायचा. मग हळूहळू पुन्हा तसाच पांढरा पडायचा.

पुण्याला लिव्हर बदलायचं बोलणं निघालं. वहिनीचा रक्तगट जुळला नाही. माझा जुळला. मी घरी विचारलं नाही, सांगितलं की माझ्या लिव्हरचा तुकडा देणार आहे. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरीणबाई माझ्या पोटावर यंत्र फिरवता फिरवता एकाच जागी थांबल्या.

"तुमच्याही लिव्हरमध्ये चरबी आहे. बरीच आहे. तुमचं घेता येणार नाही."

"मी वजन कमी करते," मी म्हणाले.

"तेवढी सवड त्यांच्याकडे नाही, ताई."

दादा बाहेर बाकावर बसला होता. मी सांगितलं, तर त्याने सुटल्यासारखा श्वास सोडला. "बरं झालं. तुझं पोट फाडायचं म्हंजी माझ्या जिवाला लई घोर हुता," म्हणाला. "आता तू तुझं बघ. च्यातली साखर कमी कर." मला तिथे थांबवेना. मी नळावर जाऊन तोंड धुवून आले.

उन्हाळ्यात त्याचं पोट पाण्याने फुगलं, डोळे पिवळे झाले. शेवटी शेवटी लिव्हरने न गाळलेलं विष मेंदूत चढतं, माणूस भलतंच बोलतो, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. आता घरीच ठेवा, असंही म्हणाले होते.

मी गेले तेव्हा तो पडवीत खाटेवर होता. मी त्याचा हात हातात घेतला. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"कोन्या गावच्या तुमी?"

"दादा, अरे मी."

"व्हय, व्हय," तो अदबीने म्हणाला, आणि हात हळूच सोडवून घेतला. मग वहिनीकडे मान वळवली. "पाव्हन्यांना च्या टाक. लांबून आल्यात."

वहिनी पदर तोंडाला लावून आत गेली. दोन दिवसांनी दादा गेला. तोवर मी त्याच्या उशाशीच होते, आणि डोळे उघडले की तो मला बसा, बसा म्हणायचा.