मोठं बेट की लहान

उत्तरेश्वर सीना नदीच्या काठचा. परांड्याकडची काळी रानं मागं टाकून तो पुण्याला शिकायला आला, हिंजवडीत कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला, आणि नव्या शतकाची पहिली सात-आठ वर्षं सरता सरता वारज्यात तिसऱ्या मजल्यावर त्याचं स्वतःचं घर झालं. वडील गेल्यावर आईला, यमुनाबाईला, त्यानं मानानं इथं आणलं. माणूस वाईट नव्हता. पण चांगल्या माणसाच्या मनातही एखादा कोपरा असा असतो, की तिथं तो स्वतःसुद्धा दिवा घेऊन जात नाही.

त्या दिवाळीत ऑफिसातली चार घरं मिळून अंदमानला जायची होती. "आई, तू पण चल," असं उत्तरेश्वर पहिल्या उमाळ्यात बोलून गेला. यमुनाबाईनं ते भाजीवालीपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना सांगितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा पायात घालायला कापडी बूट घेतले.

मग एका रविवारी ऑफिसातला आमोद आणि त्याची बायको अवनी घरी आली. यमुनाबाई हॉलमध्येच भिंतीला टेकून, फतकल मारून, मिश्री लावत बसली होती. तिनं अवनीच्या दंडाला हात लावला. "पोरी, लगीन होऊन किती वरसं झाली? आन् पाळना कुटं अडलाय?" अवनी हसली, आमोदही हसला. उत्तरेश्वराचे कान तापले, ते पुढं कितीतरी दिवस तसेच राहिले.

तेव्हापासून त्याला लहान बेट आवडू लागलं.

सहलीचा सगळा मुक्काम दोनपैकी एकाच बेटावर होणार होता, आणि निवड सगळ्यांनी त्याच्यावर सोपवली होती. मोठ्या बेटाला बोट लागायला पक्का धक्का होता. लहान बेटाला तो नव्हता. तिथं होडीतून सरळ कमरेएवढ्या पाण्यात उतरायचं. उत्तरेश्वरानं कर्वेनगरच्या सहलवाल्या दीनानाथांना हळूच फोन केला. "लहान बेटावर वयस्कर माणसं नेत नाहीत, असं तुम्हीच सांगा आईला. मी सांगितलं तर बरं दिसत नाही."

"आणि मी सांगितलं तर दिसतं?" दीनानाथ मूळचे कसबा पेठेतले. "बरं. या घेऊन."

संध्याकाळी तिघंही त्यांच्या ऑफिसात गेली. बायकोला, राजनंदिनीला, त्या फोनचा पत्ता नव्हता. यमुनाबाई खुर्चीच्या कडेला, पदर सावरून बसली. दीनानाथांनी नकाशा उलगडला.

"आजी, हे मोठं बेट, आणि हे लहान. लहान बेट सुंदर आहे. पण पाण्यात उतरावं लागतं. तुमच्या वयाला झेपणार नाही."

"मग मोठंच घेऊ ना," राजनंदिनी म्हणाली. "आईंना सोपं जाईल."

"सगळ्यांना लहानच हवंय," उत्तरेश्वर घाईनं म्हणाला.

यमुनाबाई खुदकन हसली. "आन् पान्याचं भ्या मला घालता व्हय? आवं, ह्यो दोन वरसांचा आसताना तापानं फनफनला. सीना दुथडी भरल्याली. ह्याच्या बापानं आन् शेजारच्या कोंडीरामानं गुऱ्हाळातली काहील वढून आनली, गूळ कढवायची. मला तिच्यात बशीवलं, मांडीवर ह्यो, आन् दोघं पवत ढकलत पल्याड. डाक्टर पल्याडच व्हता ना! मी येते की त्या ल्हान बेटाला."

दीनानाथांनी चष्मा काढला. "साहेब, आता पुढं काय सांगू? फोनवर आपलं एवढंच ठरलं होतं."

राजनंदिनीनं नवऱ्याकडं पाहिलं. यमुनाबाईनं पाहिलंच नाही. ती नकाशावरचं निळं पाणी बोटानं चाचपत राहिली. मग म्हणाली, "व्हय की. मीच म्हनलं व्हतं ह्याला, फोन कर म्हनून. गुडघं लई दुखत्यात माजं. बोलता बोलता इसरलेच बगा."

तिचे गुडघे कधी दुखल्याचं उत्तरेश्वराला आठवेना. आईला आपल्यासाठी परक्या माणसापुढं खोटं बोलावं लागलं, हे त्याच्या छातीत दगडासारखं उतरलं.

"मोठं बेट करा," तो कसाबसा म्हणाला. "आई येणार आहे."

"नक्की?" दीनानाथांनी विचारलं. "नाहीतर परत फोन यायचा."

"नक्की."

बाहेर रस्त्यावर दिवे लागले होते. राजनंदिनी रिक्षा बघायला पुढं गेली. आई एक शब्द बोलेल, शिवी देईल, म्हणून उत्तरेश्वर मान खाली घालून थांबला. यमुनाबाई त्याच्याजवळ सरकली आणि आवाज लहान करून म्हणाली, "बाबा, तुज्या दोस्तांम्होरं कसं बसायचं, काय बोलायचं न्हाई, ते मला आदी शिकवून ठिव. म्हंजी माज्याकडनं चुकायचं न्हाई."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. शाळेत पहिल्यांदा बसवलेल्या पोरीसारखी ती त्याच्या तोंडाकडं बघत उभी होती.