जाते म्हणू नये

मधुमतीबाईंना इतिहासात काडीचाही रस नव्हता. उभी नोकरी मँचेस्टरच्या एका हॉस्पिटलात लोकांचं रक्त काढण्यात गेली. भल्याभल्या दांडगट गोऱ्यांना त्यांनी सुईनं टोचलं, आणि घरी आल्यावर नवऱ्याला, उदयरावांना, जिभेनं. उदयराव वारले तशी घरात टोचायला कुणी उरलं नाही, मग सगळा मोर्चा वळला नातीकडे.

नात सान्वी, आठ वर्षांची. तिचे आईबाप सकाळीच लॅपटॉप काखोटीला मारून पसार, त्यामुळे पोरीला शाळेतून आणणं, खाऊपिऊ घालणं, तापात उशाशी बसणं, सगळं आजीचं. आणि वर मराठी शिकवणं! "तो बाई" म्हटलं की आजी खेकसायची, "ती बाई गं बये, ती!" पण खरा कहर व्हायचा निघताना. 'मी जाते' एवढं तोंडातून निघालं की बाई पांढऱ्याफटक. "जाते म्हणू नये. येते म्हणायचं. जाते म्हटलेलं माणूस परत येत नाही." पोरगी तो-ती चुको, काहीही चुको, हा धडा मात्र तिनं घट्ट गाठीला बांधला होता.

शाळेत रोमन लोक शिकवले, म्हणून ऑक्टोबरच्या हाफ-टर्मच्या सुट्टीत सान्वीला रोमनांनी वसवलेलं चेस्टर बघायचं होतं. गेल्या दोघी ट्रेननं. शहराभोवतीच्या जुन्या तटावरून चालल्या, तिथेच बसून तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या, कॅथीड्रलमध्ये मान दुखेस्तोवर छत पाहिलं. "एवढ्या उंचावरची जळमटं कोण काढत असेल?" एवढंच आजीचं मत.

तिथली बाजारपेठ मोठी गमतीची. खाली रस्त्यावर दुकानं, आणि पहिल्या मजल्यावर लांबच लांब लाकडी गॅलरी, तिच्यात पुन्हा दुकानं. गॅलरीच्या टोकाला एक बुटकं दार उघडं होतं. "आजी, म्युझियम!" म्हणत सान्वी आत शिरलीसुद्धा.

आत एकच खोली. ना पाटी, ना तिकीट. भिंतीशी बाक आणि बाकावर एक म्हातारी, करड्या लांब झग्यात. पर्यटकांसाठी जुने कपडे घालून बसवतात ना माणसं, त्यातलीच असणार, असं बाईंना वाटलं. म्हातारीनं सान्वीला हळू आवाजात इंग्रजीत नाव विचारलं, तिच्या केसांवरून हात फिरवला. बाईंची नजर, जन्माची सवय, चेहऱ्याआधी हाताकडे गेली. त्या हातावर शीरच नव्हती. ऐंशीच्या घरातली बाई, आणि हात मळलेल्या कणकेसारखा सपाट. एकसुद्धा निळी रेघ नाही!

"चल गं, उशीर होतोय," म्हणत त्यांनी पोरीला ओढलं.

सान्वी गुणाची पोर. दारात वळून, आजीनं शिकवलेलं तिनं म्हातारीला कळेल अशा भाषेत सांगितलं. "बाय! आय ॲम कमिंग!"

म्हातारी पहिल्यांदाच हसली आणि बाकावर थोडी सरकली. शेजारी लहान मुलीपुरती जागा झाली.

बाहेर आल्यावर बाई स्वतःला हजारदा म्हणाल्या, चष्म्याचा नंबर वाढलाय, दुसरं काही नाही. पण सान्वीचा हात गार पडत चालला होता. नदीवरची बदकं दाखवली, आइस्क्रीम पुढे केलं, तरी पोरगी मागेच बघायची.

"आजी, तो बाई वाट बघतो."

आजीनं चूक सुधारली नाही. "कोणी वाट बघत नाही. चल स्टेशनवर."

नदीवरून निघाल्या त्या स्टेशनच्या रस्त्याला लागायच्या, तर समोर तीच गॅलरी. नकाशा उलटा धरला असेल म्हणून दुसऱ्या गल्लीनं गेल्या. पुन्हा तीच गॅलरी, तोच जिना. सुट्टीची ही गर्दी! कुणाला तरी वाट विचारायला बाई वळल्या आणि बघतात तो मूठ रिकामी.

दुखरे गुडघे विसरून त्या जिना चढल्या, बुटक्या दारातून वाकून आत घुसल्या. सान्वी बाकावर होती, म्हातारीनं केलेल्या जागेत अगदी मापात बसलेली. डोळे उघडे, पण पापणी लवत नव्हती. तिचा हात म्हातारीनं आपल्या मांडीवर घेतला होता.

"सोड माझ्या पोरीला!" बाई आधी मराठीत किंचाळल्या, मग इंग्रजीत.

"ती येते म्हणाली," म्हातारी शांतपणे म्हणाली. "आजवर सगळे नुसतं बाय करून गेले. येते असं कुणी म्हणालं नव्हतं."

"अहो, आमच्यात तसं म्हणायची रीत आहे! त्याचा अर्थ तसा नसतो."

"मग कसा असतो?"

आता काय सांगणार, कपाळ? येते म्हणजे येते. तेच तर रोज पोरीला बजावलं होतं! बाईंनी नातीकडे पाहिलं. तिचे ओठ निळे पडायला लागले होते. असे ओठ हॉस्पिटलात त्यांनी पुष्कळ पाहिले होते आणि त्यानंतर काय होतं तेही पाहिलं होतं.

"ही येणार नाही," त्या म्हणाल्या. "मी येते. आय ॲम कमिंग."

"कधी?"

भाजीवाल्यापासून हॉस्पिटलातल्या साहेबापर्यंत बाईंनी जन्मात कुणाशी घासाघीस करायची सोडली नव्हती. इथेही सोडली नाही. "हिला अजून माझी गरज आहे. ती संपली की येते."

म्हातारीनं जरा विचार केला. "गरज संपली की तिच्याच तोंडून ऐकेन मी ते," ती म्हणाली आणि तिनं सान्वीचा हात सोडला.

या खेपेला स्टेशन सरळ सापडलं. प्लॅटफॉर्मवर येईतो सान्वीचे गाल पुन्हा लाल झाले, तिनं चिप्स मागितल्या, खारट आहेत म्हणून कुरकुरही केली. तिला खोलीतलं काहीच आठवत नव्हतं. ती कुरकुर ऐकून बाईंना जे भरून आलं, ते आवरेना. बाकड्यावर बसून त्या ढसाढसा रडल्या.

आजीला रडताना सान्वीनं कधी पाहिलंच नव्हतं. ती घाबरली, मग मोठ्या बाईसारखी जवळ बसली आणि आपल्या स्वेटरच्या बाहीनं आजीचं नाक पुसायला लागली.

"आजी, पाय दुखतात ना तुझे? डोन्ट क्राय. आता मी बिग गर्ल आहे. स्कूलमधून मी माझी येईन, जेवण पण माझं मी घेईन. आता मला तुझी गर..."

बाईंनी झटकन तिच्या तोंडावर हात दाबला. ट्रेन आली, दारं उघडली, माणसं उतरली, चढली, तरी त्यांनी तो काढला नाही.