आक्काला एकदाच विचारलं

मी आजवर बराच दुष्टपणा केला, पण त्यातला सगळ्यात सुबक दुष्टपणा मी बसल्या जागी, हात न उचलता, आवाज न चढवता केला. तो असा बेमालूम जमला की त्याबद्दल मला कुठलंही कोर्ट शिक्षा करू शकणार नाही. इतकं छान काम पुन्हा हातून होईल असं वाटत नाही, म्हणून ते लिहून ठेवतो.

आमचं घर परभणीत. मी एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क. लग्न उशिरा झालं आणि मुलं त्याहून उशिरा, त्यामुळे बरोबरीचे मित्र जावई शोधत फिरत होते तेव्हा माझी थोरली सहा वर्षांची होती आणि धाकटा तीन. बायको शाळेत शिकवते. आणि घरात तिसरं मोठं माणूस, पण चौघांना पुरून उरेल अशी माझी मोठी बहीण, आक्का. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. तिला पालमला दिली होती. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा ती आमच्याकडे आली ती आलीच. आमची दोन्ही मुलं तिच्या हातावर वाढली. धाकटा तिने भरवलं तरच जेवतो, थोरली तिच्याच पांघरुणात झोपते. मी संध्याकाळी दारात उभा राहिलो की मुलं आत ओरडून सांगतात, "आत्या, पप्पा आले", जसा काही गॅसवाला आला आहे.

एवढं मी सोसलं असतं. पण मी चारचौघांत गोष्टी सांगून जगणारा माणूस आहे आणि आक्का माझ्या सगळ्या गोष्टींना साक्षीदार आहे. ताडकळसच्या बाजारात बैल उधळला आणि मी त्याला कसा अडवला हे मी सांगत असतो, पाहुणे चहाचा कप तसाच धरून ऐकत असतात, आणि आतून आवाज येतो, "गोऱ्हा व्हता त्यो. आन् अडवला चुलत दादानं. तू गाडीखाली बसलतास." असं तीस वर्षं चालू आहे. मी आणलेल्या प्रत्येक वाघाची तिने मांजर केली.

तर मुलीच्या वर्गातली एक मैत्रीण क्रूझवर जाऊन आली आणि आमच्या घरातली शांतता संपली. जहाजात पोहायचा तलाव असतो, जादूगार असतो, आइस्क्रीम मागू तेवढं मिळतं. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईहून निघून गोव्याकडे जाऊन यायचं, असं ठरलं. बसस्टँडजवळचा आमचा ट्रॅव्हलवाला आजवर तिरुपती आणि चारधामच्या पुढे गेलेला नव्हता, पण त्याने छातीठोकपणे सांगितलं की जहाजात सगळं मिळतंय, फक्त जमीन न्हाई.

मग आठवडाभर आमच्या बैठकीत जहाज निवडणं चाललं. लहान मुलं असली की माणूस जहाज बघत नाही, मूल कुठून पडेल ते बघतो. बाल्कनीची खोली बायकोने फोटो बघताच बाद केली, कारण धाकटा त्याच आठवड्यात फ्रिजवर चढून बसला होता. खिडकीची खोली बाद केली, कारण तो खिडकीला चाटतो. लहान मुलांच्या खेळण्याच्या खोलीत लंगोट सुटलेली मुलंच घेतात, हे कळल्यावर धाकट्याच्या लंगोटाची चर्चा ट्रॅव्हलवाल्याशी फोनवर, स्पीकर लावून झाली. लाइफ जॅकेटं लहान मापाची असतात का, हा एक दिवस. तलावाची खोली, हा दुसरा.

आक्का या सगळ्या वेळी भिंतीला टेकून काहीतरी निवडत बसलेली. एकदा मेथी, एकदा तांदूळ. तिने मला थेट एकही प्रश्न विचारला नाही. ती थोरलीच्या तोंडून विचारायची. "तुझ्या पप्पाला इच्यार, तितं लेकराला मऊ भात करून देतेत का." "इच्यार बरं, जहाज लय डुलतंय का." आणि एकदा, मेथीकडेच बघत, "इच्यार, पाणी खोलीतून दिसतंय का वर जाऊन बघावं लागतंय." आक्काने समुद्र पाहिला नव्हता. पालम ते परभणी एवढ्यात तिचं आयुष्य झालं होतं, आणि पाणी म्हणजे येलदरीचं धरण, तेही एकदाच. तिला यायचं होतं. इतकं यायचं होतं की आंधळ्यालाही दिसलं असतं, आणि माझी नजर तर चांगली आहे.

शेवटी बिनखिडकीची आतली खोली ठरली. ट्रॅव्हलवाला म्हणाला, चार जणांची आहे. दोन पलंग खाली आणि दोन छतातून उतरतात. पाचवं माणूस असेल तर त्याला वेगळी खोली. हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात दिवा लागला. तीन दिवस, भर समुद्रात, मुलं आणि मी. मुलांना भरवणारा मी, झोपवणारा मी, आणि जेवणाच्या टेबलावर अनोळखी माणसांना बैलाची गोष्ट सांगणाराही मी, मागून कुणी गोऱ्हा म्हणणार नाही.

आता बाहेरच्या वाचकाला एक गोष्ट समजावून सांगितली पाहिजे. आमच्याकडे पहिल्यांदा विचारल्यावर कुणी हो म्हणत नाही. चहाला सुद्धा नाही. पाहुणा म्हणतो, नको, आत्ताच घेतला. यजमान तिकडे लक्ष न देता आत सांगतो, दोन कप टाका. दुसऱ्यांदा विचारल्यावर पाहुणा म्हणतो, कशाला उगीच त्रास. तिसऱ्यांदा तो म्हणतो, बरं, अर्धा. आमच्या भावकीतल्या एका माणसाने लग्नाच्या पंगतीत जिलेबीला पहिल्याच फेरीत हो म्हटलं होतं. त्याला नातवंडं झाली, पण ओळख करून देताना लोक अजून ती जिलेबी सांगतात. मोठ्या बहिणीला प्रवासाला चल म्हणायचं तर तीन वेळा हा अगदी कमीत कमी हिशेब झाला. पाचव्यांदा डोळ्याला पदर लावून ती हो म्हणते, मग सगळे म्हणतात, बघा, कशी तयार केली.

रविवारी सकाळी मी आक्कासमोर मांडी घालून बसलो. बायको स्वयंपाकघरात होती, तिला नीट ऐकू जाईल एवढा आवाज ठेवला. आवाजात ओलावा आणला. म्हणालो, "आक्का, तू पण चल ना आमच्यासंगं."

मेथी निवडणारे तिचे हात थांबले. तिने मान खाली घातली आणि जे म्हणायचं तेच म्हणाली. "मला कशाला रं? तुमी जावा लेकरं घिऊन. मी हाय की घराला."

आणि ती थांबली. दुसऱ्या प्रश्नासाठी जागा सोडून थांबली, जशी आपण पंगतीत वाढप्याला हात आडवा करतो आणि बोटांत फट ठेवतो.

मी म्हणालो, "बरं."

म्हणालो आणि तिथेच बसून फोन लावला. ट्रॅव्हलवाल्याला सांगितलं, चारच नावं घाला. हे सांगताना मी आक्काकडे बघत होतो, खोटं कशाला सांगू. तिचा चेहरा हलला नाही. तिने जुडीतली पुढची काडी उचलली, पानं खुडली, पानं देठांच्या ढिगात टाकली आणि देठ भाजीत. बराच वेळ ती तसंच करत राहिली. दुपारी भाजीत देठ लागले, मी ते चावून खाल्ले. मला त्या दिवशी फार भूक लागली होती.

चार दिवस मी शीळ घालत हिंडलो. बायकोने विचारलं तेव्हा मी सांगितलं, तू ऐकलंसच की, मी विचारलं, ती नाही म्हणाली. बायको लातूरची, तिला हे सगळं माझ्याइतकंच कळतं, पण तिला वाटलं पुढचे आग्रह मी तिच्या मागे केले असतील. पाचव्या दिवशी ती पलंगाखालून बॅग ओढायला गेली आणि तिच्या हाताला एक खोका लागला. आत पांढरे कॅनव्हासचे बूट. आक्काच्या मापाचे. आयुष्यभर चपलेशिवाय काही न घातलेल्या बाईने, जहाजाची फरशी ओली असती म्हणून, कुणाला न सांगता आणलेले. आत कागदाचे बोळे अजून तसेच होते.

संध्याकाळी मी जेवायला बसलो तेव्हा ताटाशेजारी, लोणचं असतं त्या जागी, ते बूट ठेवलेले होते. बायको वाढत राहिली. तिने एवढंच विचारलं, "किती वेळा विचारलंत?"

मला गोष्टी रचता येतात, पण बुटांसमोर नाही येत. म्हणालो, एकदा.

दुसऱ्या दिवशी मी ट्रॅव्हलवाल्याकडे जाऊन आणखी एक खोली धरून ठेवायला सांगितलं. एकच शिल्लक होती, बाल्कनीची. घरी आलो, आक्कासमोर तसाच मांडी घालून बसलो. शेजारच्या काकू वाटी परत करायला आल्या होत्या, त्या लगेच खाली बसल्या, कारण त्यांना दारातूनच प्रकरणाचा वास आला होता. मी म्हणालो, आक्का, तुला यावंच लागेल. ती म्हणाली, नको. मी मुलांची शपथ घातली. नको. धाकटा जेवणार नाही म्हणालो. तीन दिसांत कुणी मरत न्हाई, म्हणाली. मी बाल्कनीचं सांगितलं, पलंगावरून पाणी दिसतं म्हणालो, तिच्या पायाला हात लावला. काकू मधे मधे म्हणत होत्या, अगं जा की, एवढं म्हणतोय तर. मी सहा वेळा विचारलं. आमच्या जिल्ह्यात सहाव्यांदा तर नवरी सुद्धा जेवते.

आक्काने तांदळाचं सूप बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे सरळ बघितलं. चिडलेली नव्हती. उलट तिच्या चेहऱ्यावर मला ओळखीची वाटणारी मजा होती, आमच्या दोघांचे वडील एकच आहेत हे दाखवणारी.

"तू पैल्यांदा इच्यारलास," ती म्हणाली, "तवा मी न्हाई म्हनले, त्ये हो व्हतं. आता म्हनायले त्ये न्हाईच हाय."

काकू वाटी तिथेच विसरल्या आणि गल्लीला सांगायला निघाल्या.

निघायच्या आदल्या दिवशी थोरलीने आक्काला विचारलं की आत्या, तू का येत नाहीस. मी शेजारी बॅग भरत होतो. मला वाटलं, ती म्हणेल गुडघे दुखतात. मोठी माणसं मुलांना असंच सांगतात. आक्काने तिला मांडीवर घेतलं आणि झालं ते सगळं सांगितलं. त्यात काही घातलं नाही, काही काढलं नाही. तिच्या तोंडून ती गोष्ट ऐकताना मला पहिल्यांदा कळलं की मीठमसाला न घालता गोष्ट किती वाईट लागते.

जहाजावर पहिल्या जेवणाला आमच्या टेबलावर नागपूरचं एक कुटुंब होतं. मी घसा साफ केला. ताडकळसचा बाजार उभा केला, बैल सोडला. तेवढ्यात थोरली म्हणाली, "आमची आत्या येणार होती. पण पप्पांनी तिला एकदाच विचारलं."

टेबलावरच्या सगळ्या मराठी माणसांचे चमचे थांबले. समजावून सांगायची गरजच पडली नाही. नागपूरच्या बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मग आपल्या नवऱ्याकडे बघितलं, जणू त्याचाही त्यात हात आहे. बैल तिथेच राहिला.

मग ती गोष्ट जहाजभर फिरली. तलावाजवळ, जादूगाराच्या रांगेत, आइस्क्रीमवाल्यापाशी. पोरगी छान सांगते. कुठे थांबायचं हे तिला बरोबर कळतं, आणि मला मान्य करावं लागतं की ते माझ्याकडून आलं आहे. दिल्लीच्या एका गृहस्थांना तिने हिंदीत सांगितली. ते गोंधळून म्हणाले, "लेकिन बेटा, उन्होंने तो मना कर दिया था ना?" मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. पण बायको शेजारी उभी होती.

धाकट्याने तीन दिवसांत फक्त आइस्क्रीम खाल्लं. मी भरवायला गेलो की तो तोंड मिटून दाराकडे बघायचा. बिनखिडकीच्या खोलीत दिवस-रात्र कळत नव्हती, तो जागा झाला की विचारायचा, सकाळ झाली का, आणि मग, आत्या कुठंय. छतातून उतरलेल्या पलंगावर आडवा पडून मी ते ऐकायचो. मुलं आणि मी, भर समुद्रात. मला हवं होतं ते सगळं तिथे होतं.

शेवटच्या सकाळी मी एकटा वर गेलो आणि कठड्याशी उभा राहून चार मिनिटं नुसता समुद्र फोनवर घेतला. हात हलू दिला नाही.

घरी आल्यावर मुलं आक्काला चिकटली. जेवणं झाल्यावर मी फोन तिच्या हातात दिला. तिने धाकट्याचं तलावातलं हातपाय मारणं दोनदा बघितलं. थोरली जादूगाराशेजारी उभी आहे ते बघून हसली, म्हणाली, झगा उलटा घातला की गं हिला कुणी. मग समुद्र आला. मी म्हणालो, हा तुझ्यासाठी काढलाय.

तिने एक क्षण बघितलं असेल, किंवा नसेल. फोन पालथा करून माझ्या हातात ठेवला.

"ह्यात लेकरं न्हाईत," म्हणाली, आणि धाकट्याला काखेत उचलून त्याचे पाय धुवायला मोरीत गेली. माझ्या तळहाताखाली तो समुद्र वाजत राहिला, मला बटण सापडेपर्यंत.