थरामूला ‘नाही’ म्हणायचं

आमची ग्लेनिस म्हणजे नुसता तोंडाचा पट्टा! जन्मभर मेंढ्यांच्या लिलावात ओरडली आणि निवृत्त झाल्यावर चर्चच्या हॉलमध्ये म्यानमारहून आमच्या गावात आलेल्या कॅरेन जमातीच्या बायकांना फुकट इंग्रजी शिकवायला लागली. आरडाओरडा तोच, फक्त आता समोरून उत्तर यायचं.

उत्तर कसलं, एकच शब्द. त्या तिला थरामू म्हणत, म्हणजे शिक्षिका, आणि थरामूला त्यांच्यात कुणी ‘नाही’ म्हणत नाही.

“समजलं?” “हो, थरामू.”

“पृथ्वी चौकोनी आहे?” “हो, थरामू.”

“अगं बायांनो, एकदा तरी नाही म्हणा गं!” ही कपाळावर हात मारायची.

नॉ वापॉ तिची लाडकी. वापॉच्या नवऱ्याला डायलिसिससाठी शहरात न्यावं लागे आणि नेणारा शेजारी आता गाव सोडून चालला होता. वापॉला लायसन्स मिळालं नाही तर त्यांनाही बिऱ्हाड हलवावं लागणार होतं. मग काय, आमच्या जेवणाच्या टेबलावर मिठा-मिऱ्याच्या बाटल्या फिरवून ग्लेनिसने तिला रस्त्याचं सगळं इंग्रजी शिकवलं.

परीक्षेच्या दिवशी हिला घरात चैन पडेना. भर उन्हात पिशवी घेऊन निघाली.

“कोबी आणते.”

“कालच आणलास की!”

“तू गप रे, डग!”

मीही मागोमाग गेलो. बेकरीपाशी पोचतोय तोच समोरून वापॉची गाडी, शेजारी परीक्षक! आणि काय सांगू, गाडीने इंडिकेटर दिला आणि थेट ग्लेनिसजवळ येऊन थांबली. उन्हात चालणाऱ्या थरामूला मागे टाकून पुढे जायचं? वापॉच्या बापजन्मी ते जमणार नव्हतं.

“थरामू, बसा,” वापॉ म्हणाली.

“बाई, परीक्षा चाललीय!” परीक्षक ओरडला.

ग्लेनिसचा धीरच सुटला. तिने मागचं दार उघडून एक पाय आत टाकला. “साहेब, चूक माझी, मी समजावते तुम्हाला...”

वापॉ लालबुंद झाली.

“नाही, थरामू.”

“काय?”

“नाही! उतरा. आधी परीक्षा. तुम्ही सावलीत थांबा. मी येते.”

परीक्षकाने घाम पुसला. “गाडी थांबवलीत मात्र नीट. आरसा बघा आणि निघा.”

ग्लेनिस फुटपाथवर नाचायलाच लागली. “डग, ऐकलंस? नाही म्हणाली! मला, तोंडावर!”

“पण पास होईल का?”

“खड्ड्यात गेली परीक्षा!” म्हणाली आणि पुढच्याच क्षणी माझ्या खांद्यावर रडायला लागली.

बऱ्याच वेळाने गाडी परत आली. आत वापॉ एकटीच होती. शेजारी कुणीच नाही! मी टोपी हवेत उडवली.

वापॉने आतून दार उघडलं. “आता बसा, थरामू.”

आमची ग्लेनिस एक अक्षर न बोलता बसली.