रांजण रिकामा झाला पाहिजे

एका उन्हाळ्यात माझ्या आईला सरकारनं पाणी पाजायची मजुरी दिली. पूर्ण मजुरी, खणणाऱ्या बाईला जेवढी, तेवढीच. गावात हे कळलं तेव्हा पारावर बसणाऱ्यांना हसायला आठवडाभर पुरलं. "पाणी पाजाले मजुरी! उद्या वारा घालाले बी बाई ठेवतीन," असं एक काका माझ्या तोंडावर म्हणाले. हे काका स्वतः सकाळपासून काय करत होते, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

मी तेव्हा नर्सिंगचं शिक्षण संपवून घरी बसले होते. नेमणुकीचा कागद यायचा होता. गावाबाहेरच्या माळावर रोजगार हमीतून नाला खोल करायचं काम निघालं, तशी आईसोबत मीही जायला लागले. तीसेक बाया होत्या, थोडी गडीमाणसं होती. नियमच असा की कामावर सावली पाहिजे, औषधाची पेटी पाहिजे आणि प्यायचं पाणी पाहिजे. पाणी देणारी बाई मजुरांतलीच घ्यायची. आईचे गुडघे दुखायचे, म्हणून ते काम तिला मिळालं. अनसिंगच्या बाजारातून आणलेला मोठा रांजण कडुनिंबाखाली ठेवला होता. लांबच्या हातपंपावरून डोक्यावर घागरी आणून ती तो भरायची आणि पितळी गडवा घेऊन खणणाऱ्यांमधून फिरायची.

पहिल्याच दिवशी दुपारी मी पाहिलं, आई रांजणापाशी बसून होती आणि तिचा चेहरा उतरला होता. रांजण गळ्यापर्यंत भरलेला होता.

"कोणी पेतच नाही व," ती म्हणाली. "घोट घेते अन् गडवा वापस देते. सरकार मले पाणी पाजाची मजुरी देऊन राह्यलं, अन् रांजण तसाचा तसा. हे तं हरामाचं खाणं झालं."

मला हसू आलं. तिला नाही आलं.

मी शिकलेली. मला वाटलं, हे आपलं काम. जेवणाच्या सुटीत मी बायांना गोळा केलं आणि भाषण ठोकलं. उन्हात पाणी कमी प्यालं तर लघवीला जळजळ होते, मूत्रपिंडात खडे होतात, जंतू वाढतात. सगळ्यांनी मन लावून ऐकलं. "बरोबर हाय बाई," म्हणाल्या. आणि भाकरी बांधून, तोंडं कोरडीच ठेवून, पुन्हा खणायला गेल्या. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय! मी चिडले. अडाणी म्हणाले मनातल्या मनात, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

आई मात्र चिडली नाही. ती एकेकीच्या शेजारी जाऊन बसली आणि विचारत राहिली, काहून पेत नाही? शेवटी एकीनं सांगून टाकलं, "पेलं की उठा लागते, मावशी. उठून जाचं कोठी? इकून रस्ता, तिकून माणसं. माळावर काडीचा आडोसा नाही. लांब नाल्याच्या वळणावर जाऊन येवाले अर्धा घंटा जाते, तवर आमच्या जोडीचं खणणं मागं पडते."

आमच्याकडे खणायची रीत जोडीनं. नाव जोडी, पण बाया पाच-पाच; प्रत्येक जोडीला आखून दिलेला खड्डा, आठवड्याच्या शेवटी मोजमाप. एक बाई उठली की चौघींचं काम वाढतं. म्हणून त्या न बोलता एकमेकींसाठी तहान मारत होत्या. पाणी न पिणं हा त्यांच्यात चांगुलपणा झाला होता. माझ्या पुस्तकात हे कुठंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आई घरून निघाली ती डोक्यावर तुराट्यांचा भारा घेऊन. चुलीसाठी साठवलेल्या तुरीच्या काड्या त्या. तिनं खणण्यापासून हाकेच्या अंतरावर चार खुंट ठोकले, तुराट्या सुतळीनं बांधून तीन बाजूंनी कुड उभा केला, चौथीकडे जुनं लुगडं लावलं. आत चर, राख आणि पाण्याचा डबा. हजेरी घेणारा रोजगार सेवक आला आणि गोंधळला. "हे कामाच्या यादीत नाही, मावशी."

"पाणी हाय ना यादीत?" आई म्हणाली. "मंग पेल्यालं पाणी जाईन कोठी, हे लिवाले भुलले असतीन. तुमी लिवा."

तो भला माणूस होता. डोकं खाजवत गेला आणि संध्याकाळी पंचायतीतली उरलेली हिरवी जाळी घेऊन आला, दुसऱ्या आडोशासाठी.

त्या दिवसापासून रांजण दुपारच्या आतच तळाला जायला लागला. आईला दिवसभरात कितीतरी जास्त खेपा पडायच्या. रात्री गुडघ्यांना तेल चोळताना ती कुरकुरायची, "कित्ती पेतात व ह्या, म्हशीवानी!" इतकी सुखाची कुरकुर मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

एकच बाई तिच्या हातचं पाणी पीत नव्हती. गावातल्या कुणबी घरची, चांगली कामसू. आम्ही बौद्ध वस्तीतले. ती घरून बाटली आणायची, त्यातलंच स्वतः प्यायची आणि सुनेलाही त्यातलंच घोटभर द्यायची. आई गडवा घेऊन त्या दोघींपुढे थांबायची, क्षणभर, आणि पुढे जायची. रोज थांबायची. माझं डोकं तापायचं. "कायले थांबतं तिथं?" मी विचारायचे. "मजुरी साऱ्याईले पाणी देवाची हाय," ती म्हणायची, "इले सोडून असं कोणी सांगतलं?"

सून पोटुशी होती. चौथा महिना. आदल्या वर्षी तिचं एक बाळ सहाव्या महिन्यात पोटातच गेलं होतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं, म्हणून तिच्याकडे फक्त ढेकळं फोडायचं हलकं काम दिलं होतं. एका सकाळी आई माझ्यापाशी आली. "ते पोरगी सकाळपासून चार खेपा कुडामागं गेली, अन् पेली घोटभर. हे उलटं हाय. तू पाह्य."

मी गेले. पोरीच्या अंगात कणकण होती. आठ दिवसांपासून जळजळ होत होती. जळजळ होते म्हणून जायची भीती, आणि जावं लागू नये म्हणून ती होतं तेवढं पाणीही तोडत होती. अशा आजारानं कळा लवकर सुरू होतात, मागचं बाळही कदाचित असंच गेलं असेल. मी सासूला म्हटलं, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात नेते.

"पोटात गरमी हाय, दुसरं काही नाही," सासू म्हणाली. पण तिनं सुनेचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. "अन् हे गेली तं जोडीत चौघीच राह्यतीन. उद्या मोजमाप हाय."

आईनं गडवा रांजणावर पालथा ठेवला. "आज हातानंच घ्या व पाणी," तिनं सगळ्यांना सांगितलं आणि ती खड्ड्यात उतरली. "इच्या जागी मी खणीन. ने तू तिले."

सरकारी दवाखान्यात लघवी तपासली, ताप पाहिला, गोळ्या दिल्या. एक पैसा लागला नाही. भरपूर पाणी पाज, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या एकही चुकवू नको. उन्हं कलायच्या आत आम्ही माळावर परत आलो. आई अजून खणत होती, सासूच्या खांद्याला खांदा लावून. तिच्या तळहातांना फोड आले होते.

"काय म्हणे?" सासूनं विचारलं. मी सगळं सांगितलं. तिनं लगबगीनं बाटली उचलली. बाटली रिकामी होती. दिवसभर खणून तिनंच ती संपवली होती.

सून रांजणाकडे पाहत होती. मग सासूनं हळूच पाठ फिरवली आणि कुदळीच्या दांड्याची पाचर ठोकत बसली. ती पाचर मुळीच सैल नव्हती. आईनं गडवा भरला आणि पोरीच्या हातात दिला. पोरगी गटागटा प्याली, पुन्हा मागितलं, पुन्हा प्याली. सासू ठोकतच होती. त्या दिवसापासून ती रोज, आई सुनेपुढे आली की, बरोब्बर तेवढा वेळ पाठ फिरवायची.

आता मी आरोग्य उपकेंद्रात काम करते. आमच्या पंचायतीचं काम निघालं की यादीत आडोसाही असतो. जळजळीची तक्रार घेऊन उन्हाळ्यात येणाऱ्या बाया मला कमी दिसतात. गोळ्या मी रोज वाटते, गोळ्यांचं मोल मला कळतं. पण बाया आजारी पडू नयेत म्हणून सरकारनं केलेला सगळ्यात शहाणा खर्च कोणता, असं विचाराल तर मी त्या एका मजुरीचं नाव घेईन. तो नियम कुणी लिहिला मला माहीत नाही. लिहिणाऱ्याला मी मानते. आणि नियम पुरा पडत नाही हे पाहून घरच्या तुराट्या उचलणाऱ्या माझ्या आईला त्याच्याहून जास्त मानते.

सून दिवाळीनंतर बाळंत झाली. पूर्ण दिवसांची, रडून घर डोक्यावर घेणारी मुलगी. सव्वा महिन्यानं एका दुपारी सासू आमच्या वस्तीत आली. याआधी ती कधी आली नव्हती. दारात उभी राहिली. आईनं सतरंजी टाकली, ती बसली. बाळाचं सांगितलं, सुनेचं सांगितलं, मग बराच वेळ पदराचं टोक चुरगाळत राहिली.

"पाणी दे व," ती म्हणाली.

आईनं तोच पितळी गडवा भरून आणला. तिनं दोन्ही हातांनी घेतला आणि घाईघाईनं, डोळे मिटून पिऊ लागली. तिला ठसका लागला. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"सावकाश पे, बाई," आई म्हणाली. "आज मोजमाप नाही."