भीती घालवण्याचा माझा उपाय

अमेरिकेत लढाई चालू होती आणि वऱ्हाडचा कापूस विलायतेला जात होता, त्या वर्षांत आमची कंपनी अमरावतीला होती. मी हवालदार होतो. पहाटे पाचला बिगूल, सहाला परेड, दहापासून कापसाच्या बाजारात पहारा. गाड्यांच्या रांगा, गाडीवानांची भांडणं, केसांत आणि भाकरीत कापसाचे तंतू.

आता आमच्या पेठेतले दोघे वकिलीच्या परीक्षेला बसत आहेत. रोज कोणीतरी येऊन विचारतो, "तुमी तं फौजेत होते. भेव कसं घालवाचं, सांगा नं." मी चिडतो, आणि लोक मला तिरसट म्हणतात. म्हणून एकदाच लिहितो. पुन्हा कोणी विचारू नये.

माझ्या हाताखाली गणपत नावाचा नाईक होता, बाळापूरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. त्या तेजीत घरी भावांनी बैलांच्या शिंगांना चांदी बसवली होती. बापाचं म्हणणं एकच: हवालदार होत असशील तर राहा, नाहीतर घरी येऊन भावांच्या हाताखाली राब. हवालदारीच्या परीक्षेत गणपत दोनदा नापास झाला होता. तिसरी संधी शेवटची.

परीक्षा चांदमारीवर, म्हणजे निशाणबाजीच्या मैदानावर होई. उमेदवाराने दहा शिपायांकडून गोळीबार करवायचा. निशाणं दोनशे पावलांवर. त्यांच्या शेजारी खड्ड्यात एक शिपाई बसे, त्याला मार्कर म्हणत. फैर झाली की तो लाल झेंडा वर करून बाहेर येई, भोकं मोजी आणि पुन्हा खड्ड्यात उतरून झेंडा खाली घेई. झेंडा वर असताना हुकूम द्यायचा नाही. दारूच्या धुरामुळे गोळी झाडणाऱ्यांना समोरचं नीट दिसत नसे. झेंडा पाहणं हे बाजूला उभ्या उमेदवाराचं काम.

गणपत तीन-तीनदा पाही. कप्तान साहेबांच्या हातात घड्याळ असे. दोन्ही वेळा शेरा एकच: "टू स्लो."

परीक्षेच्या महिनाभर आधी त्याचं पोट बिघडलं. परेडआधी लोटा घेऊन तीन फेऱ्या. सगळ्या कंपनीला वैद्यकी सुचली. सुभेदार म्हणाले, विहिरीवर शंभर घागरी अंगावर घे. घेतल्या, पडसं झालं. लांगरी, म्हणजे फौजेचा स्वयंपाकी, त्याला सुंठ चाटवी. एकाने अफूची गोळी दिली. गणपत पहाऱ्यावर उभ्याउभ्या घोरला आणि शिव्या मी खाल्ल्या. आमचा मार्कर दौलत, दर्यापूरकडचा शिपाई, सगळ्यांत वाईट.

"नाईक, पाय रे बापा झेंडा. मायं अजून लगन व्हाचं हाय."

"चूप बस बे!" गणपत ओरडे आणि चौथ्यांदा पाही.

एका सकाळी माझा संयम संपला.

"काहून पायतं रे इतक्यांदा?"

"हवालदार, मले वाटते, मी पाहाले चुकलो तं?"

"मंग पाहूच नको."

मी त्याला श्वास मोजायला शिकवलं. फैर झाली की सावकाश श्वास घ्यायचे. बारा श्वासांत दौलत बाहेर येऊन, दोन्ही निशाणं पाहून परत खड्ड्यात जाई. मी आठ दिवस ताडून पाहिलं होतं. बारावा श्वास सुटला की हुकूम. आधी मी त्याला एकदा झेंडा पाहायची मुभा दिली होती. पण एकदा मान वळली की ती तीनदा वळे. म्हणून मी ती मुभाही काढून घेतली. "समोर पाय. श्वास मोज. दुसरं काही करू नको."

उपाय लागू पडला. पोट ताळ्यावर आलं. दौलत सर्वांना सांगत सुटला, "आता नाईकाच्या हातात ताकाची वाटी देल्ली तरी सांडनार नाई." मला अभिमान वाटला. हेही लिहिलं पाहिजे.

या खेपेला परीक्षा अकोल्याला होती. दहा शिपाई आणि मार्कर म्हणून दौलत यांना घेऊन आम्ही पायी गेलो, पाच मुक्काम. सकाळी साडेसातला गणपतचं नाव पुकारलं. वारा नव्हता.

"रेडी. प्रेझेंट. फायर."

पहिली फैर उत्तम. धूर तिथेच साचून राहिला. गणपत समोर पाहत उभा, चेहरा शांत. त्याची छाती वर-खाली होत होती आणि मीही त्याच्याबरोबर मोजत होतो. माझी नजर साहेबांच्या घड्याळावर होती. साहेबांनी मान डोलावली.

"रेडी. प्रेझेंट. फायर."

अमरावतीच्या चांदमारीवर निशाणं दोन होती. अकोल्याच्या चांदमारीवर तीन. आदल्या संध्याकाळी मी ते मैदान पाहून आलो होतो, तीन निशाणं मोजली होती, आणि जेवायला गेलो होतो.

"सीज फायर!" साहेब ओरडले. मग धूर विरला. दौलत तिसऱ्या निशाणापाशी पालथा पडला होता. झेंडा त्याच्या अंगाखाली होता. पाठीत एक गोळी, मानेत एक. आम्ही पोचलो तेव्हा तो गेला होता.

दुपारी दोनला चौकशी झाली.

"नाईक, झेंडा पाहिला नाही?"

"नाई साहेब."

"का?"

गणपतने माझ्याकडे पाहिलं. "चूक झाली."

"हवालदार, तुम्ही याला काय शिकवलं?"

"हुकूम, साहेब."

एवढंच मी बोललो. गणपतची फीत उतरवली, नाव कमी केलं. तो बाळापूरला भावांकडे गेला. मी पुढे जमादार झालो.

पेन्शनवर आल्यानंतर मी दर्यापूरकडे दौलतच्या गावी गेलो. त्याचा थोरला भाऊ शेतात वखर चालवत होता. मी बांधावर उभं राहून त्याला सगळं सांगितलं: श्वास, निशाणं, चौकशीतलं माझं उत्तर. त्याने बैल थांबवले नाहीत. मी त्याच्या बाजूने वखराच्या तासातून चालत बोलत होतो. टोकाला पोचल्यावर त्याने विचारलं,

"दौलत भेला होता का?"

"नाही," मी म्हणालो.

ते खरं होतं. साहेब कोण, परीक्षा कोणाची, याचं दौलतला काही नव्हतं. तिसऱ्या निशाणावर गोळ्या कमी लागल्या होत्या, म्हणून तो वाकून नीट पाहत होता. नाईकाचं एखादं भोक मोजायचं राहू नये म्हणून.