दादाची वाळत ठेवलेली बोट

नितीनचा फोन आला तेव्हा मी लाखनीच्या घरी तांदूळ निवडत बसले होते. "आत्या, बाबा गेले... बोटीपाशीच बसले होते." भाचा एवढंच बोलला. माझ्या डोळ्यांपुढे आधी आला तो दादाच्या हातातला पॉलिश पेपर.

दादाने उमेदीची वर्षं कोकणात, बोटी बांधण्याच्या कारखान्यात काढली. निवृत्त होऊन शहापूरला परतला तो ट्रकवर एक जुनी फायबरची शिडाची बोट लादून. वैनगंगेत धरणाचं पाणी फुगतं तिथे ती चालवायची आणि पहिल्यांदा वहिनीला बसवायचं, असं त्याने सगळ्यांदेखत कबूल केलं होतं. गावाने यथेच्छ टिंगल केली. बोट उलटी केली तर पाण्याखाली राहणाऱ्या भागावर जागोजागी फोड. टोचले की आंबूस वासाचं पाणी यायचं. जुना रंग खरवडून, फोड उघडून, स्वच्छ पाण्याने धुऊन त्याने ती अंगणात वाळत ठेवली. त्यानंतर पाणी आत शिरू न देणाऱ्या इपॉक्सीच्या लेपाचे हात आणि मग रंग, असा बेत होता. तळाला दादा प्लास्टिकचा एक तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावून ठेवायचा. उन्हात त्याच्या आतून दव धरलं, की समजायचं, बोट अजून ओली आहे. वहिनी कातावायची. "कवापासून वाळूनच राहिली. मले काय म्हातारी झाल्यावर नेता?"

"आत्ता रंग मारला तं पाणी आतच कोंडते. मंग पुन्हा फोड. घाई कायले करतं?"

त्याच्या या थंडपणाचा मला भारी राग यायचा... आता तोच आठवून रडू येतं.

दादाच्या अस्थी त्याच्याच बोटीतून न्यायच्या, असं वहिनीने ठरवलं. नितीन म्हणाला, "मी रंग मारून घेतो, आई. दोन दिवसाचं काम." इतके दिवस घाई करणारी वहिनी त्याच्यावर उखडली. "तुह्या बाबानं मारू देला असता का? वाळू दे तिले." अस्थींचं गाडगं अंगणातल्या कडुनिंबाला बांधलेलंच राहिलं.

परवा मी शहापूरला गेले तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. वहिनीने बोटीच्या तळाच्या प्लास्टिकचा कोपरा उचलला. मी शेजारीच उभी होते. आत दवाचा थेंब नव्हता, प्लास्टिक कोरडं ठणठणीत होतं. तिने तळावरून हात फिरवला... बराच वेळ फिरवत राहिली.

"अजून ओलीच हाये, बाई," ती म्हणाली, आणि चिकटपट्टी अंगठ्याने दाबून पुन्हा बसवली.

मी हो म्हटलं.